टेबलावर निर्दोष

४ मार्च, सोमवार
याच तक्रारीचं तिसरं पत्र! एक बाई लिहितात — "यजमान चपला घालायला वाकले की हृदयपंपाचा गजर वाजतो. मग आपोआप थांबतो. तोवर आमचा जीव टांगणीला." मी नेहमीचं उत्तर धाडलं : आपल्या तुकडीचा कंट्रोलर तपासला, निर्दोष आहे. संस्कृतात एम. ए. झालात ते पंपाच्या कंपनीत हा एकच शब्द लिहायला, असं ही म्हणते. हिच्या छातीतही आमचाच पंप. कमरेला तसाच, पंप चालवणारा कंट्रोलर.

५ मार्च
राहवेना. तपासणीच्या खोलीत गेलो. आधीच्या एका तक्रारीतून परत आलेला कंट्रोलर टेबलावर आडवा, तीन दिवस हिरवा दिवा. तपासनीस बाईंना विचारलं, हा वाकल्यावर कसा वागतो?

"टेबल वाकत नाही हो, भाऊसाहेब!" हसल्या. आणि हसता हसता थांबल्या. कंट्रोलर स्वतःच्या कमरेला बांधला, तार चाचणीच्या टाकीतल्या पंपाला जोडली, खाली पडलेलं पेन उचलायला वाकल्या — गजर! तारेचं टोक खोबणीत हलत होतं, पंप अडखळत होता. सरळ झाल्या — हिरवा दिवा. पाच वेळा वाकल्या. पाचही वेळा वाजला.

ही रोज कुंड्यांना पाणी घालते. वाकून!

६ मार्च
हिला म्हटलं, आजपासून वाकायचं नाही. "इतकी वर्षं कुणापुढे वाकले होते?" कारण सांगायचं धाडस झालं नाही. कुंड्यांना मी पाणी घातलं. निम्मं पायावर.

७ मार्च
साहेबांनी दार लावून घेतलं. "या तुकडीचे कंट्रोलर दोनशे अकरा जणांकडे आहेत. एकदम कळवलं तर घबराट होईल. वरून निर्णय येईपर्यंत तुमचं नेहमीचं उत्तर जाऊ द्या." मग ड्रॉवरमधून नवा कंट्रोलर काढला — सुधारलेल्या खोबणीचा. "वहिनींचा तरी बदलून घ्या."

सुधारलेल्या! म्हणजे यांना आधीच ठाऊक होतं. टेबलावर मूठ आपटावी असं वाटलं. प्रत्यक्षात "आभारी आहे" म्हणालो आणि कंट्रोलरचा डबा बॅगेत घातला.

८ मार्च
सगळं सांगितलं. ऐकताना ही स्वतःचं मनगट चाचपत होती. पंप बसल्यापासून तिथे नाडी लागत नाही, सवय मात्र जात नाही.

"त्या चपलावाल्या बाईंना काय कळवलंत?"

"निर्दोष."

हिने ताटं घेतली, लोणचंसुद्धा आठवणीने वाढलं. भांडली असती तर बरं झालं असतं. सोमवारी दवाखान्यात जाऊन कंट्रोलर बदलायचा, एवढं मीच ठरवलं.

९ मार्च, शनिवार
कपाटात डबा नाही! हिने सकाळीच कुरिअरने त्या बाईंच्या यजमानांना पाठवून दिला. पत्ता माझ्या बॅगेतल्या पत्रावरून. सोबत चिठ्ठी — "तुमच्या कंट्रोलरमध्ये दोष आहे. माझ्यातही तोच आहे. हा नवा डॉक्टरांकडून लावून घ्या." खाली हिची सही. त्याखाली माझं नाव, हुद्दा, ऑफिसचा फोन.

खुर्चीत ताठ बसली आहे. कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवून म्हणाली, "उरलेली दोनशे नऊ तुम्ही लिहा."