हॉलसाठी कॅबिनेट

९ नोव्हें., रवि.
टीव्ही युनिटचा मधला खण तीनदा मोजला. रुंदी ४३.८, उंची १६.२, खोली ३८ से.मी. मागे वायरींना ५ सोडायचे, म्हणजे हाताशी ३३. गेल्या वर्षी वहीत १६.५ लिहिलंय ते चूक. टेपचा हूक सैल होता. या वेळी स्टीलची पट्टी.

टीव्हीखाली एकच पेटी हवी. गाणी, सिनेमे, अक्षताच्या शाळेपासूनचे फोटो तारखेनिशी, सगळं तिच्यात. रिमोट दाबला की सुरू. फॅनचा आवाज नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर टेबलावर येऊन पडलेत. अडलंय कॅबिनेटपाशी.

संध्याकाळी सु.चा फोन. जेवलात का, गोळी घेतली का. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली त्याला पाच महिने झाले. बाळ आता पालथं पडतंय. परत कधी, हे मी विचारत नाही, ती सांगत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, हॉलसाठी कॅबिनेट घ्यायचं म्हणतोय.
तिकडून, "खरंच का ओ?"
"बघतोय. एक-दोन बरी वाटलीत."
"काच हाय का?"
"एका बाजूला."
"रंग?"
"काळा. नाहीतर चंदेरी."
"काळा नको. धूळ दिसती."
तेरा मिनिटं बोललो. एरवी तीन. धुळीचा मुद्दा बरोबर आहे. मला सुचला नव्हता.

११ नोव्हें., मंगळ
कारखान्यातून सुटून इथल्या नवी पेठेत. श्रीनिवासच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आडवं कॅबिनेट आलंय, खणात सरकेल असं. खोक्यावर उंची १४.९ छापलेली. पट्टी लावली. रबरी पाय धरून १६.३.
"एक मिलिमीटर ओ साहेब. पाय काढून टाका की."
"हवा खालून घेतंय हे. पाय काढले तर श्वास कुठून घेणार?"
"तुमी लई मोजताव. बाकीचं गिऱ्हाईक लाईट लागती का बघतंय अन् घेऊन जातंय."
छापणाऱ्यानं पाय मोजले नाहीत ही त्याची चूक. कारखान्यात डिप्लोमावाल्यांना सव्वीस वर्षं हेच सांगत आलोय. माझ्याकडे कागद नाही, पट्टी आहे.
दुसरं एक चौकोनी ठोकळ्यासारखं. प्रोसेसरच्या कूलरला ऐसपैस जागा, पण उंची २१. खणात जात नाही. बाद.
श्रीनिवास विचारत होता, बघणार किती जण? म्हटलं, दोघं.

१३ नोव्हें., गुरु
आज फोन सु.नं अर्धा तास आधीच केला. पहिलाच प्रश्न कॅबिनेटचा.
"कप्पे किती हाईत?"
"दोन. एक मोठा, एक बारका."
"दोनात काय मावतंय?"
"बास होतात. पूर्वीसारखं नाही आता. सगळं बारीक झालंय."
"तुमचं झालं असंल. माझ्या कपबशा हायत तेवढ्याच हायत."
मग बोलतच राहिली. माळ्यावरच्या खोक्यातल्या आईच्या कपबशा, बारशाला आलेला चांदीचा वाटी-चमचा, काचेमागं ठेवता येईल, आल्यागेल्याला दिसंल. "बसतील ना ओ?"
तेव्हा कळलं ती कोणत्या कॅबिनेटविषयी बोलतेय.
सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. म्हणालो, "बसतील."
"आयतु," म्हणाली, म्हणजे बरं तर. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, खुशीत असली की फोन असा कानडीत ठेवते. ही खूण बऱ्याच महिन्यांनी ऐकली.

१४ नोव्हें., शुक्र
टीव्ही युनिट माझ्या हातचं. ग्राफपेपरवर आधी काढलेलं, एक खिळा चुकीचा नाही. त्या वेळी सु.नं एक काचेचा कप्पा मागितला होता. मी म्हटलं, काच थरथरते, स्पीकरचा आवाज बिघडतो. ते खरंच आहे. आजही तेच सांगेन.
पण त्यानंतर तिनं घरासाठी काही मागितल्याचं

कॉम्प्युटरचा फॅन टेबलावर चालवून पाहिला. मिनिटाला ८०० फेऱ्यांना स्पष्ट ऐकू येतो. दिवाळीआधी तपासलेला जुना फॅन, तोही ऐकू येत होता. सु. इथं असताना १२०० लाही पत्ता लागायचा नाही. कुकर, भांडी, बहिणीशी कानडीतल्या गप्पा. मला वाटायचं मी फॅन चांगले निवडतो.

१६ नोव्हें., रवि.
सु.नं फोनवर चित्र पाठवलंय. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, बॉलपेननं. चार कप्पे, दोन काचेची दारं, खाली खण. रेघा वाकड्या, पण प्रमाण बरं साधलंय. बाजूला लिहिलंय: रुंदी पाच वीत, उंची सात वीत.
वीत.
माझी वीत २२.४. तिची?

१७ नोव्हें., सोम
हॉलची भिंत मोजली. युनिट आणि दार यांच्यामध्ये मोकळी जागा ९४. म्हणजे सु.ची वीत १८.८ किंवा त्याहून कमी असेल तर बसतं. १९ असेल तर नाही.
कपाटात तिची बांगडी सापडली. माप दोन-चार, आतला व्यास ५७ मि.मी. त्यावरून मनगटाकडचा अंदाज येतो, वितेचा नाही. तिचा हात डोळ्यासमोर आणून पाहिला. अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग आठवतो. माप आठवत नाही.
श्रीनिवासचा फोन. आडवं कॅबिनेट दुसरं गिऱ्हाईक मागतंय, ठेवू का? म्हटलं, देऊन टाका. त्याला वाटलं मी त्या मिलिमीटरवरून रागावलोय.

१८, १९
फोनवर जुजबी. ती कॅबिनेटचं काढत नाही. मीही नाही.

२० नोव्हें., गुरु
सांगितलं.
"सु., मी म्हणत होतो ते भांड्यांचं कॅबिनेट नाही. कॉम्प्युटरचं. बाहेरचा डबा."
"माहिताय."
"कधीपासून?"
"कपबशांचं बोलले त्याच दिवसापासून. फोन ठेवल्यावर अक्षता हसाय लागली. बाबांचं कॅबिनेट म्हंजे डबा असतोय आई, म्हणाली."
"मग चित्र कशाला काढलंस?"
"तुमी बसतील म्हणालात की. तुमी खोटं बोलत न्हाई कधी. बोलायचं तिथंबी बोलत न्हाई. म्हटलं, आज पहिल्यांदा बोललेत माझ्यासाठी. बघावं कुठवर जातंय."
म्हटलं, "तुझी वीत किती?"
"काय?"
"पाच वीत लिहिलंयस. किती से.मी. होते ते कळल्याशिवाय सुताराला काय सांगू?"
"एकोणतीस वर्षं झाली लग्नाला. आता विचारताय व्हय."
रागानं की हसून, ते नीट कळलं नाही. बाळ रडायला लागलं. बोलणं राहिलं.

२२ नोव्हें., शनि
सुतार येऊन गेला. चित्र बघून म्हणाला, वहिनींनी काढलंय का? म्हटलं, हो. "मग साडेतीन फूट धरतो की, एवढं काय." म्हटलं, धरू नका. साडेतीन फूट म्हणजे १०६.७, माझं युनिट हलवावं लागेल. थांबा, माप येतंय.
तो गेल्यावर युनिट हलवून पाहिलं. एकट्यानं हलत नाही.

२३ नोव्हें., रवि.
सकाळी सु.ला लिहिलं: पट्टीवर हात ठेवून फोटो पाठव. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
दुपारी फोटो आला. तिचा हात, बोटं ताणून फाकवलेली. पट्टी नाही. खाली बाळाची दुपटी. हाताला चिकटून बाळाचं उघडं पाऊल. मजकूर काही नाही.
कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. हात पावलाच्या पावणेदोन पट. नक्की सांगायचं तर १.७३. म्हणजे पाऊल कळलं की वीत कळली.
अक्षताला फोन करून विचारता येईल. ती म्हणेल दहा-साडेदहा असेल बाबा. दहा धरलं तर बसतं, अकरा धरलं तर जात नाही. अदमासे आकडा घेऊन मी कधी काम केलेलं नाही. शिवाय पाऊल रोज वाढतंय. मी पाहिलं ते बारशाला, दुपट्यात गुंडाळलेलं. पाय दिसलेच नव्हते.

लेकीच्या घरात पट्टी नसेल असं नाही. अक्षताच्या शिवणाच्या डब्यात टेप आहे, मीच दिलेली.
म्हणजे तिनं मुद्दामच

२५ नोव्हें., मंगळ
रजेचा अर्ज दिला. शुक्र., शनि. कारण विचारलं, लिहिलं: मोजमाप. साहेब दोनदा वाचून माझ्याकडे बघत राहिले. सही केली.
सकाळच्या गाडीनं दुपारी पुणे. पट्टी ३० से.मी.ची घ्यावी की पुरी टेप? लेकीकडे माझ्या झोपण्याची सोय काय, हे कधी विचारलेलं नाही. रात्री राहायचं म्हटलं तर सु. कुठं झोपते तेही माहीत नाही.
तिला कळवलेलं नाही. आधी कळवलं तर म्हणेल, कशाला एवढ्या लांब, फोनवर सांगते आकडा. आणि खरंच सांगेल. मग जायला कारण उरणार नाही.
न कळवता गेलो, आणि दार तिनंच उघडलं, तर आधी काय बोलायचं, ते अजून