बाबांची हरकत

वीज वसाहत, १२ जानेवारी

चि. सुदर्शन यास,
अ. उ. आ. इकडे सर्व ठीक. पुण्याच्या थंडीचे कौतुक फोनवर ऐकले. आमच्याकडेही पडते, आम्ही सांगत सुटत नाही.

सोबत हरकतीचा कागद आहे. दिल्लीने मसुदा काढला, की प्रत्येक राज्याने निम्मी वीज ऊन-वाऱ्याचीच घ्यावी. राजस्थानात ऊन, आपल्याकडे कोळसा. दोघांना एकच माप कसे? तसे झाले तर इथल्या वीज केंद्रातला जुना संच आधी बंद होईल, आणि उत्तरेश्वर जावई त्याच संचावर आहेत. श्रद्धाने दोन लेकरे घेऊन कुठे जायचे? मी तीस वर्षे कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर काढली, पण माझे अर्ज कायम तूच सुधारलेस. हाही सुधार.

माया आहेच, ती धरून राहा.
नागोराव

विश्रांतवाडी, १९ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. या हरकतींना उत्तरे लिहिणाऱ्या संस्थेतच मी नोकरी करतो. तुम्हाला नुसते ‘सोलरचे ऑफिस’ सांगितले होते, ही माझी चूक. माप एकच हवे, हे माझेही मत आहे. ज्याच्या-त्याच्या सोयीवर सोडले की काही होत नाही. आमच्या सोसायटीत सोलर पॅनेलला सगळ्यांचा पाठिंबा आहे, फक्त शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर.

तरी कागद सुधारला. राजस्थान खोडले, ऊन आपल्या विदर्भातही रग्गड आहे, तिथेच तुम्हाला पकडले असते. त्याऐवजी लिहिले, की माप ठेवा, पण जिथला संच बंद होणार तिथे आधी दुसरे काम आणा. पटले तर हाताने उतरवून पाठवा.

रागावलात तरी आशीर्वाद असू द्या.
सुदर्शन

वीज वसाहत, २८ जानेवारी

चि. सुदर्शन यास,
अ. उ. आ. तुझ्याशी दोन दिवस बोलायचे नाही असे ठरवले होते. तुझा फोनच आला नाही, त्यामुळे ते कोणाला कळले नाही.

मग उतरवून काढले. तुझ्या आईने शेवटी स्वतःची एक ओळ घालायला लावली. ती आपल्याच विरुद्ध जाते असे मी म्हणालो. आमच्या यमुनाबाई म्हणाल्या, खरी आहे, राहू द्या. तू खोडशील म्हणून कागद परस्पर टपालात टाकला.

माया कमी झालेली नाही.
नागोराव

विश्रांतवाडी, २० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. हरकतींवर सुनावणी झाली. तुमच्या कागदाला उत्तर लिहायचे काम माझ्याकडेच आले. मी ‘मुद्दा मान्य’ एवढेच लिहिले. साहेबांनी विचारल्यावर हे माझे वडील, आणि कागद मीच सुधारला, असे सांगून टाकले. त्यांनी मला त्या कामावरून काढले, नोकरी आहे. मुद्दा नियमात जाईल की नाही, सांगता येत नाही. श्रद्धाला खोटा धीर देऊ नका.

आईची ओळ सभागृहात मोठ्याने वाचली गेली: ‘राखेमुळे मी तीस वर्षे गच्चीवर कुरडया वाळत घातल्या नाहीत.’ आपल्याकडे कुरडयांचा डबा दरवर्षी मामाकडून का यायचा, हे मला छत्तिसाव्या वर्षी तिथल्या खुर्चीत बसून कळले. फार वाईट वाटले.

आईला नमस्कार. लोभ आहे तसाच ठेवा.
सुदर्शन