कॅशमधला परका रिपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ. मालाड.

डोकं भणभणतंय. आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या वेबसाइटसमोर नवा प्रॉक्सी सर्व्हर बसवला, म्हणजे लोकांची प्रत्येक मागणी आधी त्याच्याकडे येते, मग साइटकडे जाते. एन्क्रिप्शन पहिल्या फटक्यात लागलं, ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी सुरक्षिततेचं कुलूप दिसलं. मग आमचे सावंत सर म्हणाले, "साइट स्लो आहे गं, सगळी पानं कॅशमध्ये टाक. एकदा साठवलेलं पान पुढच्याला लगेच मिळेल."

"सर, रिपोर्टची पानं नको. एकाचं साठवलेलं पान दुसऱ्याला जाईल."

"काही होत नाही. टाक तू."

टाकलं. अडून का बसले नाही मी?

दुपारी मढहून एका मावशींचा फोन आला. मासळी विकतात. हुंदके देत होत्या. "पोरी, मला कॅन्सर आलाय रिपोर्टमध्ये." मी म्हटलं, "मावशी, वरचं नाव वाचा ना." त्यांनी वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "हे माझं नाव नाय गं."

मी तिथल्या तिथे कॅश बंद केली, साठवलेलं सगळं पुसलं. मावशींना त्यांचा खरा रिपोर्ट उघडून दिला, सगळं नॉर्मल. सर आले ते "साइट परत स्लो का?" विचारतच. मी सरळ सांगितलं, "रिपोर्ट कॅशमध्ये जाणार नाहीत. हवं तर वरती तक्रार करा." कुलूप काय चाटायचंय, आतलं पान भलत्याच्या हातात पडत असेल तर?

पण राग नुसता सरांचा नाही, माझाही आहे; जिचा तो रिपोर्ट होता, ती मला आठवलीच नव्हती. नॉर्मल आहे म्हटल्यावर मावशी सुटल्यासारख्या हसल्या, आणि लगेच विचारलं, "मग त्या बाईला कोणी सांगितलं का गं? घरात एकटीच वाचत बसली असेल."

मी डॉक्टरांना तिला फोन करायला लावला. ती खरंच एकटी होती.