बापूचं बोलणं ऐकायचं राहिलं

२ जुलै
शाळेचे ग्रुप आज मोजले. अकरा. त्यातला एक 'स्टाफ' आणि एक 'स्टाफ फक्त', म्हणजे ज्यात मु.अ., मुख्याध्यापक, नाहीत. आज वृक्षारोपण. रोप लावायला पाच मिनिटं, फोटोला पाऊण तास. पहिल्या फोटोत तारीख उमटली नाही, दुसऱ्यात मु.अ. अर्धेच आले. एकच कडुनिंब तीनदा उपटून तीनदा लावला. जगला तर नशीब त्याचं.

उत्तर द्यायची माझी आता एकच पद्धत, अंगठा. पालकांना अंगठा, मु.अ.ना अंगठा, बापूलाही अंगठा. बापू म्हणजे नामपूरचा माझा धाकटा भाऊ. टाइप करायचा त्याला कंटाळा, म्हणून सगळं बोलून पाठवतो. तीन-तीन, चार-चार मिनिटं. रविवारी निवांत ऐकू म्हणते. रविवार येतो, धुणं-भांडी करून जातो.

४ जुलै
सातवी ब च्या ग्रुपवर एका आईने विचारलं, उद्या चित्रकलेची वही आणायची का. त्यावर बासष्ट मेसेज. निम्म्यांनी 'हो का?' विचारलं, निम्म्यांनी हात जोडले. शेवटी एका वडिलांनी प्लॉट विकणे आहे टाकलं. डोकं उठलं.

घरी आले तर हे पलंगावर, मी समोर खुर्चीत. मोबाईल वाजला. यांनीच पाठवलेलं, फुलांच्या चित्रावर 'आपला दिवस आनंदात जावो'. संध्याकाळी साडेसहाला. नवऱ्यालाही अंगठा दिला. त्यांनी लगेच हसरा चेहरा पाठवला. मान वर करून बघितलं, तर तोंडावर हसू नव्हतं.

७ जुलै
मधल्या सुट्टीत कल्पनाचा फोन. कल्पना म्हणजे बापूची बायको. हल्ली सरळ फोन आला की धस्स होतं, वाईट बातमी असल्याशिवाय कोण करतंय.

बापूचा आवाज पंधरा दिवसांपासून पार गेलाय. तो कांदा मार्केटात लिलाव पुकारतो, ट्रॅक्टरच्या रांगेतून चालत सकाळपासून ओरडायचं काम. घसा बसतोच सगळ्यांचा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता पाणी गिळतानाही दुखतं. परवा नाशिकला आणते म्हणाली. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "एप्रिलमध्ये यांनी तुम्हाला विचारलं होतं ना, आक्का. तुम्ही 'काही नाही' असं म्हणालात, म्हणून आम्ही राहिलो घरीच."

मी 'हं' म्हटलं. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

८ जुलै
चौथा तास ऑफ. प्रयोगशाळेत जाऊन बसले आणि एप्रिल शोधला. १७ तारीख. चार मिनिटं दहा सेकंद. खाली माझा अंगठा. त्या दिवशी नववीचे पेपर तपासत होते, ढीग होता समोर.

ऐकलं. आधी शेजारच्या लग्नातली जेवणं. मग विहिरीची मोटर. मग त्याची कोणती तरी चप्पल हरवली ते. तिसरं मिनिट संपता संपता म्हणतो, "आक्का, डाक्टर म्हणस नाशिकले दाखाडा. येऊ का? तू सांगशी तसं करू. काही नही ना व्हई?" पुढे नुसता श्वास. मग म्हणतो, ठेवतो.

आणि मी काय दिलं? अंगठा. 'येऊ का'ला दिला की 'काही नाही ना'ला, मलाच माहीत नाही. त्याने काही नाही असं धरलं.

मग जानेवारीपासून ओळीने सगळे लावले, प्रत्येकाचे पहिले काही सेकंद. एकेक ऐकताना कळलंच नसतं, पण एकापाठोपाठ एक ऐकलं की लहान मुलालाही कळेल. जानेवारीत खणखणीत. होळीपर्यंत खरखर. मे महिन्यात मध्ये-मध्ये शब्दच गायब. जूनचा शेवटचा तर जवळजवळ नुसती हवा. माझ्याच मोबाईलमध्ये सहा महिने पडून होतं हे.

घंटा झाली. सातवी ब ला म्हटलं, वाचा मनात.

९ जुलै
सकाळच्या एस.टी.ने आले दोघं. बापू वाळलाय. मला बघून हसला, बोलायला गेला आणि खोकला. द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलात नेलं. दुर्बिणीने घसा बघितला, तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर तरुण आहेत, सरळ बोलतात. किती दिवसांपासून आहे विचारलं. कल्पनाने सांगितलं, होळीपासून. "आणि आता आलात?" ते म्हणाले. कल्पना माझ्याकडे बघून म्हणाली, आमच्या आक्का शिकलेल्या आहेत, त्यांना विचारलं होतं, त्या 'काही नाही' असं म्हणाल्या होत्या.

टोमणा नव्हता तो, तेच तर. बिचारी खरंच सांगत होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

१० जुलै
दोघं आमच्याकडेच. कल्पना भाकऱ्या करताना म्हणाली, "तुम्ही पूर्ण ऐकलं होतं ना, आक्का? म्हणजे यांनी नीट सांगितलं होतं ना? हे नेहमी आडून आडून बोलतात." मी म्हटलं, हो, ऐकलं होतं, मला वाटलं ओरडण्यानेच असेल.

चोपन्न वर्षांची बाई मी. पोरांना खोटं बोलू नका सांगते. तव्यावरची भाकरी बघत सफाईने खोटं बोलले. 'ऐकलंच नाही' म्हणण्यापेक्षा 'ऐकून चुकले' म्हणणं सोपं वाटलं. चुकणारी बहीण चालते. न ऐकणारी...

१२ जुलै
स्टाफवर पर्यावरण सप्ताहाची लिंक. भरली नाही. मु.अ.नी खाजगीत प्रश्नचिन्ह पाठवलं. नुसतं प्रश्नचिन्ह, एक. पूर्वीचे मु.अ. शिपायाकरवी चिठ्ठी पाठवायचे, त्यावर निदान 'कृपया' असायचं.

बापू दिवसभर गॅलरीत बसून असतो. मोबाईलला हात लावत नाही. मी शाळेतून येते तर उठून पाणी आणून देतो. लहानपणी कधी दिलं नाही मेल्याने.

१६ जुलै
रिपोर्ट आला. तोच.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आला असता तर बहुतेक रेडिएशनच्या शेकावर भागलं असतं, आवाज राहिला असता. आता ऑपरेशन. उघडल्यावर कळेल, जमलं तर स्वरयंत्राचा थोडा भाग ठेवू, नाही तर पूर्ण काढावं लागेल. मग मानेला छिद्र, श्वास तिथूनच. जीव वाचेल का विचारलं. "प्रयत्न त्याच्यासाठीच आहे," म्हणाले.

तीन महिने. एप्रिल, मे, जून. मी बोटांवर मोजले, खुर्चीत बसून, शाळेतल्या पोरांसारखे.

बापूने मार्केटातल्या शेटजींना कल्पनाकडून फोन करवला. ते म्हणाले म्हणे, दुसरा पुकारणारा बघितलाय, तू बरा हो आधी.

१९ जुलै
यांना सगळं सांगितलं. अंगठ्याचं, खोटं बोलल्याचं, सगळं. मोबाईल बाजूला ठेवून ऐकलं त्यांनी, हे आधी नोंदवते. मग म्हणाले, आता सांगून त्याला काय मिळणार, तुझंच ओझं उतरेल. ऑपरेशन होऊन जाऊ दे.

बरोबर असेल. पण ऑपरेशननंतर मला शिव्या द्यायलाही त्याच्याकडे आवाज नसेल. शिव्या खायच्याच तर आत्ता खाव्यात ना.

२१ जुलै
तीनदा गॅलरीत गेले. एकदा चहा देऊन आले, एकदा कपडे काढून आणले, एकदा नुसतीच उभी राहिले. बापूने शेजारची खुर्ची पुढे सरकवली. मी म्हटलं, वरण लागतंय गॅसवर. गॅस बंदच होता. भेकड आहे मी, दुसरं काही नाही.

२३ जुलै
हॉस्पिटल. आज भरती केलं, ऑपरेशन उद्या सकाळी. दुपारी कल्पना कसल्या तरी कागदांवर सह्या करायला खाली गेली. खोलीत बापू आणि मी. म्हटलं आत्ता नाही तर कधीच नाही.

सांगितलं. बापू, तुझं एप्रिलचं मी ऐकलंच नव्हतं. न ऐकता अंगठा दिला. त्याच्याआधीचंही नाही, नंतरचंही नाही. बोलताना माझाच आवाज फुटला, रडले सरळ.

त्याने उशीखालून मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. त्याचे सगळे निरोप एकाखाली एक. प्रत्येकाजवळ बारीक माईकचं चित्र, सगळे निळे. त्यावर बोट ठेवून कुजबुजत, थांबत थांबत म्हणाला, समोरच्याने ऐकलं की हा निळा होतो. ऐकेपर्यंत राखाडी. मला हे माहीतच नव्हतं. अकरा ग्रुपची बाई मी.

"सहा महिना राखाडीच व्हता. त्या मंगळवारले बठ्ठा एकदम निळा व्हयनात." मंगळवार म्हणजे आठ तारीख, मी प्रयोगशाळेत बसून सगळे एकदम लावले तो दिवस.

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. अंगठा आला तेव्हाही. मी विचारलं, मग कल्पनाला का सांगितलंस, आक्का काही नाही म्हणाली म्हणून?

"तिले काय सांगू? मन्ही बहीण मनं ऐकस नही, आसं?"

मोबाईल परत उशीखाली ठेवला. मग म्हणाला, त्यालाही तेच पाहिजे होतं. भीती वाटत होती, कुणी तरी काही नाही म्हणावं एवढंच हवं होतं, ते अंगठ्यात मिळालं. हे माझ्यासाठी म्हणाला की खरंच, कळत नाही. म्हटलं, अरे, मी ऐकत नाही हे दिसत होतं, मग कशाला बोलत होतास एवढं?

"बोलीसन बरं वाटे," म्हणाला.

कल्पना आली. त्याने मला डोळ्यांनीच दटावलं, तिला काही सांगू नकोस. नाही सांगितलं. आता त्या खोट्यात आम्ही दोघं आहोत.

२४ जुलै
सकाळी सातला पोचले. नऊला आत नेणार होते. कल्पना आंघोळीला गेलेली. बापूने हाताने बोलावलं, मी कॉटवरच टेकले. बोलायला लागला. सिस्टर म्हणाली ताण देऊ नका, त्याने मान हलवली आणि बोलतच राहिला. कान तोंडाजवळ न्यावा लागत होता. विहिरीची मोटर पुन्हा जळली. शेजाऱ्याने बांधावर शेवगा लावलाय, त्याची सावली आपल्या रानात येते. नवा पुकारणारा पोरगा आकडे गिळतो, व्यापारी त्याला फसवतील. धाकट्या मुलीला इंग्लिश मीडियमला घालायचं की नाही. कांदाचाळीत साठवलेला कांदा आत्ता विकायला काढावा की गणपतीनंतर. घशाचं एक अक्षर नाही. मधे मधे दम लागून थांबायचा, मी थांबायचे. माझ्या पिशवीत मोबाईल थरथरत होता, शाळा भरली असणार.

शेवटी म्हणाला, मंग, काढू का कांदा? मी म्हटलं, मला कांद्यातलं कळत नाही रे, पण गणपतीपर्यंत थांब, आपण दोघं चाळीत जाऊन बघू. बघू म्हणाला.

नऊ वाजून दहाला नेलं.

कल्पना विचारत होती, एवढा वेळ काय बोलत होते. सगळं सांगितलं तिला, मोटरीपासून, क्रमाने, एकही गोष्ट गाळली नाही. एप्रिलचं तेवढं सोडून.

बारा वाजून गेलेत. एकदा दार उघडलं तर दुसऱ्याच पेशंटचं नाव घेतलं. आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो होतो, परत बसलो.