हरेव्यांच्या तारखा

कोतो रिंबो
बुधवार, १४ ऑगस्ट १९९६

आदरणीय थोरले बंधू झुल उदा,

सलाम. पकनबारू शहरात तुम्ही सुखरूप असाल आणि पक्ष्यांचे दुकान बरे चालले असेल, अशी आशा करते. येथे सर्व ठीक आहे. आपल्या आईचे, अमाकचे, गुडघे तसेच दुखतात. ती म्हणते, "झुलला लिही, मी मेले की मग ये. तोवर पिंजरे सांभाळ म्हणावं." हे ती हसून म्हणाली, असेही लिहायला तिने सांगितले आहे.

परीक्षेत मी जिल्ह्यात पहिली आले. अमाकच्या भावाने, आपल्या मामाकांनी, कोंबडे कापले आणि सगळ्या शेजाऱ्यांना जेवायला बोलावले. मी पूर्ण वेळ स्वयंपाकघरात लपून बसले होते, हे तुम्ही न सांगताही ओळखले असेल.

हरेवे कसे आहेत, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. उत्तर द्यायला मला दोन महिने लागले.

पाण्याच्या वाटेवरचा उंबर या वर्षी लगडला होता. फळे पिकली, गळली आणि झाडाखालीच सडली. आंबूस वास घरापर्यंत येतो. गांधीलमाश्यांमुळे बायका लांबच्या वाटेने पाणी आणतात. वर पानांत काहीही हलत नाही. पूर्वी एकाच फांदीवरून कोतवाल, बुलबुल आणि शिंपी पक्षी ऐकू यायचे आणि नीट पाहिल्यावर तेथे एकटा हरेवा बसलेला असायचा, पानाच्याच रंगाचा, सगळ्यांच्या नकला करणारा. आता कोतवाल ओरडला, तर तो कोतवालच असतो.

तो पक्षी मला प्रथम तुम्हीच दाखवलात. मी तुमच्या खांद्यावर होते. "उपियाक, पान हललं की पान बघू नकोस, सावली बघ," असे तुम्ही म्हणाला होतात. तुमच्यासाठी मी रोस्नेली नव्हतेच, उपियाक होते, तुमची चिमुरडी. दुसऱ्या दिवशी मी वही सुरू केली. कोणत्या झाडाचे फळ नखाएवढे कधी झाले, त्यानंतर किती दिवसांनी पिकले, हरेवे कोणत्या पहाटे उतरले. तुम्ही गाव सोडून गेल्यावरही सात वर्षे मी एकही नोंद चुकवली नाही. फेब्रुवारीत तुम्ही ती वही मागितलीत, "नुसती चाळतो" म्हणालात. माझी वही कोणाला वाचावीशी वाटते, याचा मला इतका आनंद झाला, की मी तिला नवे वेष्टण घालून पाठवली.

त्यानंतर तीन झाडे पिकली. तिन्ही वेळा, नेमक्या त्याच पहाटे, परकी माणसे झाडावर होती. फणसाचा चीक लावलेल्या काटक्या आणि भुलवायला पिंजऱ्यातला एक नर. तिसऱ्या झाडाखाली मला एक काटकी सापडली. तिच्यावर हिरवी पिसे होती आणि एक पाय होता. पक्षी नव्हता.

त्या दिवशी जेवताना मामाक म्हणाले, "चोराला वाट ठाऊक असते. या चोराला दिवस ठाऊक आहे. हे शिकलेल्या माणसाचं काम."

धाकटी मावशी, एतेक, हसली आणि मामाकांना म्हणाली, "मग आपल्या रोस्नेलीलाच धरा, दातुक. आख्ख्या गावात शिकलेली तीच."

सगळे हसले. मामाक हसले नाहीत. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला आणि विचारले, "तुझी वही दिसत नाही हल्ली, पोरी?"

"भरली," मी म्हणाले. मामाकांशी मी प्रथमच खोटे बोलले.

दुसऱ्यांदा खोटे तुमच्याशी बोलले. तेच सांगण्यासाठी हे पत्र आहे आणि मी दोन पाने इकडचे तिकडचे लिहीत राहिले.

जूनमध्ये तुम्ही लिहिलेत, "मोठ्या वडाचं पान वहीत नाही, ते पाठव." ते पान मी वही पाठवण्यापूर्वीच फाडून माझ्यासाठी ठेवले होते. त्याऐवजी मी नवे पान लिहिले: हरेवे उरले आहेत ते बातू बलाहच्या कड्यापलीकडच्या वडावर आणि तो रविवारी, १८ ऑगस्टला पहाटे पिकेल. पलीकडे वड नाही. कड्यावरची वाटही आता वाट राहिलेली नाही. गेल्या वर्षीच्या भूकंपाने ती खालून पोखरली गेली आहे. वरून गवत पूर्वीसारखेच दिसते. मामाकांची म्हैस तेथूनच खाली कोसळली. गावातले कोणी तिकडे पाऊल टाकत नाही. तुम्हाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

मला वाटले होते, परकी माणसे येतील, दिवसाउजेडी वाट खचलेली ओळखतील आणि परत जातील. मी स्वतःला असेच सांगितले. खरे म्हणजे मी त्या पायाचा विचार करत होते.

काल बस चालवणारे मालिक चाचा अमाकला म्हणाले, "तुझा झुल स्वतः येतोय शनिवारी. रोस्नेलीला सांगू नको म्हणाला. घरी नाही येणार, थेट वर जाणार, अंधारातच चढणार. मी म्हटलं, सात वर्षांनी वाट आठवेल का? तर म्हणतो, माझ्या बहिणीच्या अक्षरात चूक नसते."

अमाकने लगेच तुमच्यासाठी आठवडाभर टिकणारे मांस शिजवायला घेतले आहे. तिला काही ठाऊक नाही.

उदा, त्या पानात चूक आहे. मी ती जाणूनबुजून, सुवाच्य अक्षरात केली आहे. कड्यावर येऊ नका. तुमच्या माणसांनाही येऊ देऊ नका. खरे झाड कोणते, हे मात्र मी तुम्हाला कधीही सांगणार नाही.

हे पत्र उद्या मालिक चाचांबरोबर येईल. गुरुवारपासून तुमचे दुकान बंद राहणार असल्याचे ते म्हणाले. ते पत्र दाराखालून सरकवतील. ते तेथेच पडून राहू शकते. म्हणून आज संध्याकाळी मी मामाकांना सगळे सांगणार आहे, वहीबद्दलच्या खोट्यासकट. रविवारी पहाटे आम्ही दोघे कड्याच्या अलीकडे उभे असू. पण तुम्ही पाण्याच्या बाजूने चढलात, तर आम्ही दिसणार नाही, केवळ आवाज पोहोचेल.

मला मोठ्याने हाक मारता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. वर्गातही कधी मारली नाही. त्या पहाटे मारीन. झाडीतून आवाज आला, तर कोणी पक्षी नक्कल करतो आहे असे समजू नका. तेथे आता नक्कल करणारे कोणी उरलेले नाही.

जेथे असाल तेथेच थांबा.

जिच्या अक्षरावर तुम्ही विश्वास ठेवलात, ती तुमची
उपियाक