दोनाचे आठ

प्रिय दगिम,

तुझ्यावर चिडूनच लिहायला बसलेय. अ‍ॅपच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सर्व्हरवर शोधून देणारी ती फंक्शन्स, तुझे लाडके रिझॉल्व्हर, तीन आठवडे उपसतेय. प्रत्येकात काय आत जातं, काय बाहेर येतं, ते टाइप लावून पक्कं लिहायचं, असं आपले साहेब गाशे मुलुगेतांनी ठरवलंय. आणि तू जिथे तिथे लिहून ठेवलंयस, ‘काहीही चालेल’. रुग्णाचं नाव? काहीही चालेल. डायलिसिसची तारीख? काहीही चालेल. अरे, बुधवारी उपासाचं शिरोचं कालवण जरा खारट झालं तरी एका ताटात जेवताना माझं डोकं खायचास. मग इथेच एवढा उदारपणा कुठून आला?

सगळ्यात वैताग वेळेचा. उजाडल्यापासून मोजलेले आपले सकाळचे दोन म्हणजे परदेशी घड्याळाचे आठ, हे अदिसमधलं शेंबडं पोरही सांगेल, पण कोड तपासणाऱ्या कंपायलरला कोण सांगणार? म्हणून मी दोन वेगळे टाइप केले, ‘आपला तास’ आणि ‘परदेशी तास’. एकाच्या जागी दुसरा ठेवला की कंपायलर अडवतो. पहिल्याच दिवशी दोनशे सतरा ओळी लाल झाल्या. तुझ्या नावाने बोटं मोडत एकेक निस्तरली.

आपल्या त्या रुग्ण, एतिये वर्कनेश, आता बऱ्या आहेत. परवा डायलिसिस केंद्रात भेटल्या, तुझी चौकशी केली. त्यांची वेळ बदलून सकाळी दोनची केली होती आणि आपल्या अ‍ॅपच्या निरोपात आठ गेले. बिचाऱ्या सहा तास उशिरा पोचल्या, त्यांची खुर्ची दुसऱ्याला दिली होती, आणि दोन दिवसांनी त्यांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. तेव्हापासून वेळा आम्ही फोन करूनच सांगतो. निरोपाचा स्क्रीन तुझा, म्हणून ठपका तुझ्यावर आला. बैठकीत तू म्हणालास, “माझं काम इतकं गबाळं आहे की चूक माझी नाही असं कुठल्या तोंडाने सांगू?” आणि टेबल आवरून बहिरदारला निघून गेलास. मी तुझ्या शेजारीच बसले होते. काही बोलले नाही.

काल एकच लाल ओळ उरली, बदललेल्या वेळा सांगणाऱ्या रिझॉल्व्हरमधली. त्याने परदेशी तास द्यायचा होता, तो आपलाच तास देत होता. तुझ्या स्क्रीनने ते दोन परदेशी समजून इमानदारीत त्यांचे आपले आठ केले. तो रिझॉल्व्हर मी लिहिलाय, दगिम. कोडच्या नोंदीत माझं नाव आहे. आणि खरं सांगू, मला त्या बैठकीतच शंका आली होती, म्हणूनच सात महिने मी ती फाइल उघडली नाही. तुझ्यावर चिडणं सोपं होतं. आज सकाळी गाशेंना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “मला काय सांगतेस? त्याला सांग.” चूक माझी होती. सोमवारी सगळ्यांसमोर हेच बोलणार आहे. त्याआधी ते तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, खरं तर सात महिन्यांपूर्वीच.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
मेकलिट