कापलेली नावं

प्रिय राजे,

अजून याच नावाने हाक मारते, राग मानू नकोस. ऑफिसात टेबलावर पाय टाकून बसायचास, चहा माझ्याकडून मागवायचास आणि वर म्हणायचास, ठके, तू नसतीस तर माझं काय झालं असतं! मीही वेडी, हुरळून जायचे. लग्नानंतर घर कुठे घ्यायचं, इथपर्यंत मजल गेली होती आपली.

मी बरी आहे. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. तू नोकरी बदलायला निघालायस, तेही कानावर आलं.

हॉस्पिटलचं काम आठवतं? पेशंटची यादी माझी, औषधांवरची लेबलं छापणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, तुझं. मी त्याला प्रत्येक नावाचा पॉइंटर द्यायचे, म्हणजे नाव मेमरीत जिथे आहे तिथला पत्ता. झेरॉक्स नव्हे, मूळ कागदच हातात दिल्यासारखं. लेबल आखूड, नावं लांब. तू मावतील तेवढी अक्षरं ठेवून पुढे शून्य, म्हणजे ‘नाव इथे संपलं’ ही खूण, टाकलंस आणि माझ्या यादीतलं मूळ नावच कापलंस. आडनाव आधी, त्यामुळे एकाच वॉर्डातल्या दोन जावा पडद्यावर एक झाल्या. धाकटीचं औषध थोरलीला गेलं. बाई वाचली, नशीब तिचं.

चूक कुणाचीही होते रे. पण त्याच संध्याकाळी तू गुपचूप तुझ्या फंक्शनमध्ये आधी नावाची कॉपी काढून मग ती कापायची ओळ घातलीस, आणि सकाळी साहेबांना सांगितलंस, हिची यादीच गचाळ! मी घसा फोडून सांगत राहिले, पण पुरावा तू पुसून बसला होतास. माझी नोकरी गेली. वर लग्नही मोडलंस, बदनाम मुलगी घरात नको म्हणून. तेव्हापासून तुझ्या नावाने तळतळाट करते आहे मी, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

आता मुद्द्याचं. सोमवारी ज्या कंपनीत तुझी मुलाखत आहे, तिथे प्रश्न मी विचारते. शेजारी बाहेरचे तज्ज्ञ म्हणून आपले जुने साहेब असतील. मीच आग्रहाने बोलावलंय. प्रश्न आधीच सांगून ठेवते: नावाचा पॉइंटर घेऊन लेबल छापणारं फंक्शन फळ्यावर लिही. कॉपी न काढता लिहिलंस, तर तिथेच नापास. काढलीस, तर मी विचारणार, का काढली? मग मूळ नाव कोण कापतं, यादी की फंक्शन, हे साहेबांसमोर तुझ्याच तोंडाने सांगावं लागेल. आणि आलाच नाहीस, तर का आला नाहीस ते मी त्यांना सांगेन. इकडे आड, तिकडे विहीर. कुठे उडी मारायची ते तू ठरव.

वाट बघणारी, तुझीच,
ठकी